सोनोग्राफीच्या कागदावरचं कुत्र्याचं मूत्राशय

कुत्र्याच्या लघवीत रक्त दिसलं की घरात जी घबराट उडते, ती मी जवळजवळ रोज बघते. पांढऱ्या फरशीवर लालसर डाग दिसतो, किंवा फिरायला गेलेला कुत्रा चार पावलांवर पुन्हा पुन्हा बसतो आणि दोन थेंबांपलीकडे काही येत नाही. मग कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगतं आणि संध्याकाळी हातात एक कागद पडतो. त्यावर इंग्रजीत तीन-चार ओळी असतात. मूत्राशयाची भिंत जाड आहे, आत तरंगणारे कण आहेत, अमुक मिलिमीटरची गाठीसारखी रचना दिसते, पुढील तपासणी करावी. हा कागद घेऊन माणसं रात्रभर मोबाईलवर शोधत बसतात. सकाळी माझ्याकडे येईपर्यंत त्यांच्या मनात तो कुत्रा अर्धा गेलेला असतो.

मी पशुवैद्य आहे. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता कोल्हापुरात काम करते. दिवसातला बराच वेळ पडदे ओढलेल्या छोट्या खोलीत, एका हातात प्रोब आणि दुसऱ्या हाताखाली कुणाचं तरी धडधडणारं पोट, असा जातो. या ब्लॉगवर एरवी मी आजार आणि उपचार यांबद्दल लिहिते. आज मात्र त्या कागदाबद्दल लिहायचं आहे, कारण तो समजून घेतला तर निम्मी भीती जागच्या जागी उतरते. उरलेली निम्मी कधी कधी खरी असते, त्याबद्दलही लिहिणार आहे.

आधी एक साधी गोष्ट. सोनोग्राफी फोटो काढत नाही. यंत्र आवाज पाठवतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र रेखाटतं. द्रवातून आवाज सरळ निघून जातो, म्हणून लघवी पडद्यावर काळी दिसते. दगडासारख्या टणक वस्तूवर आवाज आपटतो, म्हणून तिथे पांढरी शुभ्र कमान दिसते आणि तिच्या मागे काळी सावली पडते. भिंत करड्या रंगाची, पट्ट्यापट्ट्यांची दिसते. म्हणजे आम्हाला दिसतो तो आकार, जागा, जाडी आणि हालचाल. ते कशामुळे झालं, हे यंत्र सांगत नाही. जंतू दिसत नाहीत, कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत, खडा कोणत्या क्षाराचा आहे हेही दिसत नाही. अहवालात ‘शक्यता’ हा शब्द वारंवार येतो तो याच कारणाने. लिहिणारा डॉक्टर काही लपवत नसतो.

आता ‘भिंत जाड आहे’ या वाक्याकडे येऊ. माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर सगळ्यात जास्त वेळा हेच असतं आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच वाक्याने होतात.

मूत्राशय म्हणजे फुगा समजा. हवा भरली की रबर ताणून पातळ होतं, हवा गेली की सुरकुतून जाड होतं. कुत्र्याचं मूत्राशय बेताचं भरलेलं असेल तर निरोगी भिंत साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास असते. जवळजवळ रिकामं असेल तर तीच भिंत सव्वादोन मिलिमीटरच्या वर जाते. मोठ्या वजनाच्या कुत्र्यांत थोडी आणखी. आणि आपण काय करतो? कुत्र्याला गाडीत घालण्याआधी प्रेमाने दोन खांबांवरून फिरवून आणतो, म्हणजे बिचाऱ्याला दवाखान्यात त्रास नको. नर कुत्रा असेल तर दवाखान्याच्या फाटकावर, माझ्या स्कूटरच्या चाकावर आणि आत येताना कुंडीवर राहिलेलं सगळं मोकळं करून येतो. मग टेबलावर जे मूत्राशय येतं ते सुरकुतलेलं. ते जाड दिसणारच. त्या सुरकुतीतली एखादी घडी आत आली तर गाठीसारखीही दिसते.

म्हणून ‘भिंत जाड’ हे वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, मूत्राशय किती भरलेलं होतं? चांगल्या अहवालात ते लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

दुसरा प्रश्न, जाडी कुठे आहे? कुत्र्यात साध्या दाहामुळे येणारी जाडी बहुतेक वेळा मूत्राशयाच्या पुढच्या आणि खालच्या भागात, म्हणजे पोटाच्या त्वचेच्या बाजूला दिसते आणि ती पसरट असते. जिथे किडन्यांकडून येणाऱ्या दोन नळ्या उघडतात आणि जिथून लघवी बाहेर पडते, तो मागचा त्रिकोणी भाग वेगळा. तिथे काही उगवलेलं दिसलं की मी खुर्ची पुढे ओढून बसते. कुत्र्याच्या मूत्राशयाचा कर्करोग जास्त करून याच त्रिकोणात सुरू होतो. अर्थात जागा पाहून निकाल लागत नाही, संशय कुठे किती ठेवायचा एवढंच ठरतं.

एक उदाहरण सांगते. चिंगी नावाची बारा वर्षांची पांढरी स्पिट्झ. तिला घेऊन आलेले काका निवृत्त शिक्षक, काकू गेल्यापासून घरात ते आणि चिंगी दोघंच. दुसऱ्या गावच्या कागदावर दोन सेंटिमीटरची गाठ लिहिलेली होती. काकांनी टेबलाजवळ उभं राहून मला अगदी शांतपणे विचारलं, “मॅडम, इंजेक्शन देऊन झोपवायचं असेल तर ते इथेच होईल का? गावी कुणी नाही करणारं.” चिंगी मात्र माझ्या टेबलावर बसून काकांच्या सदऱ्याची गुंडी चाटत होती.

मूत्राशय जवळजवळ रिकामं होतं. मी म्हटलं, “काका, आज कुणाला झोपवायचं नाही. तुम्ही चहा घ्या, हिला पाणी पाजा, तासा-दीड तासाने परत बघू.” मूत्राशय भरल्यावर चित्र बदललं. पुढच्या भागातली भिंत खरंच जाड आणि खडबडीत होती. ती ‘गाठ’ मात्र खालच्या अंगाला पडून होती. चिंगीला उताणी केली होती, ती कुशीवर वळवली. गाठ भिंतीवरून सरकली आणि नव्या तळाशी जाऊन बसली. डॉपलरवर तिच्यात रक्ताचा प्रवाह नव्हता. ती रक्ताची गुठळी होती. सुई घालून लघवी काढली, कल्चरला पाठवली, ई. कोलाय निघाला. कल्चरमध्ये जे प्रतिजैविक चालतं म्हणून आलं तेच दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा गुठळी नव्हती आणि भिंत जवळपास सरळ झाली होती. काकांनी तो दुसरा कागद घडी घालून पाकिटात ठेवला.

यावरून कुणी ‘म्हणजे पहिला डॉक्टर चुकला’ असं समजू नये. रिकाम्या मूत्राशयात चिकटलेली गुठळी आणि गाठ सारखीच दिसतात. फरक पडला तो मूत्राशय भरण्याने आणि कुत्री वळवण्याने. म्हणूनच आम्ही टेबलावर तुमच्या कुत्र्याला उलथापालथा करतो. कधी उभं करतो, कधी प्रोबनेच पोटाला हलके धक्के देतो. तुम्हाला वाटतं उगाच छळ चाललाय. पण जे हलतं ते खडा, गाळ किंवा गुठळी, आणि जे जागचं हलत नाही ते भिंतीचं, एवढा मोठा फरक त्या दोन मिनिटांत कळतो. याला अपवाद आहेत. गुठळी कधी भिंतीला घट्ट चिकटून बसते. जुन्या दाहाने भिंतीला मांसाचे छोटे कोंब फुटतात, तेही हलत नाहीत आणि तरी कर्करोग नसतात. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघणं हा उत्तम उपाय असतो.

गाळाबद्दल थोडक्यात. काढ्याच्या भांड्यात तळाला चोथा बसतो तसा गाळ मूत्राशयातही बसतो. तो पेशींचा असेल, स्फटिकांचा असेल, रक्ताचा असेल. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे नुसत्या गाळावर औषध सुरू करू नये, लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी. गंमत म्हणजे कधी कधी तो गाळही नसतो. आवाजाच्या झोताला स्वतःची जाडी असते, त्यामुळे गोलसर भिंतीजवळ खोटा गाळ उमटतो. खऱ्या गाळाचा वरचा काठ पाण्याच्या पातळीसारखा आडवा राहतो, कुत्रा वळवला की गाळ वाहतो. खोटा तिथेच वाकून बसतो.

खोट्याचीच गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाला टेकून जातो. त्यात शी आणि वारा भरलेला असेल तर पडद्यावर मूत्राशयातच मोठा खडा असल्यासारखी पांढरी कमान आणि काळी सावली दिसते. गडहिंग्लजकडून एक शेतकरी आपला कारवान कुत्रा घेऊन आला होता, लिंबाएवढ्या मूतखड्याचं ऑपरेशन करायला. कुत्रा दोन दिवस शीला झाला नव्हता. एनिमा दिला, मागच्या अंगणात सोडला, अर्ध्या तासाने परत बघितलं. खडा अंगणात पडला होता. त्या शेतकऱ्याने फोनवर घरी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण खोलीतले आम्ही सगळे हसून दमलो.

खरे खडे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नसतात. कुत्र्यात सर्वांत जास्त आढळणारे दोन. पहिला स्ट्रुव्हाइट. कुत्र्यात हा बहुतेक वेळा जंतुसंसर्गाबरोबर येतो आणि माद्यांत जास्त दिसतो. काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार साचतात. हा खडा खास आहाराने आणि योग्य प्रतिजैविकाने काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत विरघळू शकतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. तो छोट्या जातींत, विशेषतः नरांत जास्त, आणि तो विरघळत नाही. त्याशिवाय डाल्मेशियनमध्ये आणि यकृताला बगल देणारी रक्तवाहिनी जन्मतः असलेल्या कुत्र्यांत यूरिक आम्लाचे खडे होतात. सोनोग्राफीत हे सगळे सारखेच, पांढरी कमान आणि काळी सावली. म्हणून ‘खडा आहे’ एवढ्या कागदावर मी कुणाला ऑपरेशनलाही पाठवत नाही आणि आहारावरही ठेवत नाही. लघवीची तपासणी, कल्चर आणि एक्स-रे हवा.

एक्स-रे कशाला, सोनोग्राफी झालीच आहे की, असं बऱ्याच जणांना वाटतं. खर्चाचा प्रश्न असतो, मला समजतं. पण दोघांचं काम वेगळं आहे. यूरिक आम्लाचे खडे एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. उलट मूत्रमार्गाचा जो भाग ओटीपोटाच्या हाडांत लपलेला असतो, तिथे सोनोग्राफी पोहोचत नाही. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असतं. मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो आणि तिथे त्याला ताणायला जागा नसते. निसटलेला खडा नेमका त्या हाडाच्या मागच्या टोकाला अडकतो. मूत्राशय चकचकीत साफ, भिंत छान, असा सोनोग्राफीचा कागद हातात असताना कुत्रा लघवीविना तडफडत असू शकतो, कारण सगळा गुन्हा एक वीत अलीकडे घडलेला असतो. मागचे पाय पुढे ओढून काढलेला एक एक्स-रे ते दाखवतो. शिवाय खडे किती, हे मोजायला एक्स-रे बरा, आणि ऑपरेशननंतर एखादा राहिला नाही ना हे बघायलाही. सोनोग्राफीवर खडा खऱ्यापेक्षा मोठा मोजला जाण्याचा कल असतो, हेही जाता जाता.

नर कुत्रा जोर करतोय, पाय उचलतोय आणि दिवसभरात धार आलेली नाही, तर सोनोग्राफीची वेळ घेऊ नका, सरळ दवाखान्यात या, रात्र असली तरी. तुंबलेल्या लघवीमुळे रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. हे दोन-तीन दिवसांत होतं आणि पहिल्या दिवशी कुत्रा अनेकदा फक्त अस्वस्थ दिसतो. ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून एरंडेल पाजून वाट बघितलेली घरं मी पाहिली आहेत.

आता ती उरलेली, खरी भीती.

कुकी नावाची अकरा वर्षांची बीगल. तिच्या ताई कॉलेजात शिकवतात. कुकीला पाच महिन्यांत तीनदा ‘लघवीचं इन्फेक्शन’ झालं होतं. दर वेळी औषधाने आठ-दहा दिवस बरं, मग पुन्हा गुलाबी लघवी. माद्यांत इन्फेक्शन साधारण गोष्ट आहे, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही. पण वय झालेल्या कुत्र्यात तेच दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर आत बघितलंच पाहिजे. स्कॉटिश टेरियर, शेटलंड शीपडॉग, वेस्ट हायलंड टेरियर, बीगल या जातींत मूत्राशयाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त होतो. आपल्याकडे यातली बीगलच काय ती सर्रास दिसते.

मूत्राशय छान भरलेलं होतं. मागच्या त्रिकोणात, भिंतीतून आत आलेली, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ होती. कुशीवर वळवली, उभी केली, जागची हलली नाही. डॉपलरवर रक्तप्रवाह होता. गाठीच्या खालच्या भिंतीचे थर पुसट झाले होते. डाव्या किडनीतली पोकळी किंचित फुगली होती, म्हणजे त्या बाजूच्या नळीचं तोंड दबायला लागलं होतं. एवढं सगळं एकत्र दिसलं की मी ‘बघू या’ म्हणत नाही. ताईंनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “सुई घालून तुकडा घ्याल ना? म्हणजे नक्की कळेल.”

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर विचित्र वाटतं. या गाठीत पोटातून सुई घालायची आम्ही टाळतो, कारण सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी सांडून पोटाच्या भिंतीत रुजू शकतात. अशी शंका असली तर लघवीसुद्धा सुईने काढत नाही. मूत्रमार्गातून नळी घालून, गाठीजवळ हलकं खरवडून पेशी घेतात. अलीकडे लघवीतल्या पेशींत एका जनुकातला विशिष्ट बदल शोधायची तपासणी आली आहे, बीआरएएफ नावाची. या कर्करोगाच्या दहापैकी साधारण आठ कुत्र्यांत हा बदल सापडतो. सापडला तर निदान जवळजवळ पक्कं, नाही सापडला तर कर्करोग नाही असं मात्र म्हणता येत नाही. आमच्या गावात ती रोज होणारी तपासणी नाही. कुकीचं निदान नळीने घेतलेल्या पेशींवर झालं.

“कापून काढता येणार नाही?” नाही. पुढच्या भागात असती तर भिंतीसकट कापता आली असती. त्रिकोणात दोन्ही किडन्यांच्या नळ्या आणि बाहेरची वाट, तिन्ही एकाच जागी येतात, तिथे कापायचं काय आणि ठेवायचं काय? केमोथेरपीची माहिती दिली, खर्च सांगितला, पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांबद्दल बोललो. ताईंनी पायरोक्सिकॅमचा मार्ग घेतला. हे वेदनाशामक गटातलं औषध या गाठीची वाढ काही काळ रोखतं आणि बऱ्याच कुत्र्यांना लघवीचा त्रास कमी होतो. एवढ्या एका औषधावर साधारण सहा महिने, कुणी त्याहून बरंच जास्त, कुणी कमी, असं मी मोकळेपणाने सांगितलं. ते जेवणाबरोबरच द्यायचं, उलटी किंवा काळी शी झाली की थांबवायचं, किडनीच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करायच्या. इथे हात जोडून सांगते, हे वाचून कुणी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात आणि किडन्या जातात.

कुकी सात महिने जगली. दर सहा आठवड्यांनी आम्ही गाठ मोजायचो. सोनोग्राफीत मूत्राशय दर वेळी सारखं भरलेलं असेलच असं नाही, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरच्या फरकावर हसायचं नाही आणि रडायचंही नाही, असं आमचं ठरलं होतं. ताईंनी घरभर जुन्या साड्या अंथरल्या होत्या. सासूबाईंना कुत्रा घरात चालायचा नाही, त्याच आता रात्री उठून साडी बदलत. शेवटी दोन्ही किडन्या फुगल्या, खाणं सुटलं. मी त्यांच्या घरी गेले, व्हरांड्यात. त्या दिवशी सोनोग्राफीची गरज नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “आम्हाला वेळेवर सांगितलंत ते बरं केलंत, सुट्टीला नातू आला होता त्याला भेटवता आलं.”

चिंगी आणि कुकी दोघींच्या पहिल्या कागदांवर लिहिलेलं जवळजवळ एकच वाक्य होतं.

कधी कधी मूत्राशय निर्दोष निघतं आणि लाल रंग दुसरीकडून येत असतो. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ असते, टीव्हीटी म्हणतात. ती शिश्नावर किंवा योनीत असते, त्यातून रक्त टपकतं आणि खायला घालणाऱ्या ताई-दादांना वाटतं लघवीतून रक्त येतंय. यांना सोनोग्राफी नको, हातमोजा घालून नीट तपासणं हवं. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, कर्करोगातला हा दिलासादायक प्रकार. नसबंदी न केलेल्या वयस्कर नरांत प्रोस्टेट वाढून रक्त येतं, तेही लघवीशिवाय एरवी थेंब थेंब. सोनोग्राफीत प्रोस्टेट दिसतं, मूत्राशयाबरोबर तेही बघितलंय का ते कागदावर पाहा. आणि लघवी लाल नसून कोऱ्या कॉफीच्या रंगाची असेल, कुत्रा मलूल असेल, हिरड्या पांढऱ्या असतील, तर गोचीड तापाची शंका घ्या. त्यात तांबड्या पेशी फुटून त्यांचा रंग लघवीत उतरतो. तिथे रक्ताची तपासणी आधी, पोटाची नंतर. गोचिडाच्याच दुसऱ्या एका आजारात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून लघवी सुईने काढण्याआधी मी हिरड्या आणि पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके आहेत का ते बघते.

मधुमेही कुत्र्याच्या भिंतीत चमकणारे ठिपके दिसले आणि कुत्रा वळवला तरी ते जागचे हलले नाहीत, तर तो खडा नसून भिंतीत अडकलेला वायू असतो. लघवीतली साखर जंतू आंबवतात आणि वायू तयार होतो. हे तातडीचं आहे. आदल्या दिवशी नळी घातली असेल तर मात्र आत गेलेल्या हवेचे बुडबुडेही असेच चमकतात, म्हणून नळी घातली होती का हे आठवणीने सांगा.

सोनोग्राफीला आणताना कुत्र्याला आधी दोन-तीन तास लघवीला नेऊ नका. अगदीच धरवत नसेल, सारखा बसत असेल, तर बळजबरी करू नका, तसंच आणा, आम्ही बघू. पाणी बंद करू नका. पोटावरचे केस आम्ही काढतो, घरी कात्री लावायचा खटाटोप नको. त्याचा आवडता माणूस बरोबर असावा, डोकं धरायला. जुने कागद सगळे आणा, विशेषतः आधीची मापं. प्रतिजैविक सुरू असेल तर नाव आणि शेवटची गोळी कधी दिली ते लिहून आणा, कारण कल्चरचा निकाल त्याने बदलतो. पावसाळ्यात कुत्र्याला ताप आणि कावीळ असेल तर लेप्टोची शंका असते आणि तो लघवीतून माणसांना होतो, म्हणून फरशी पुसताना हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. घरून लघवी आणणार असाल तर स्वच्छ कोरड्या डबीत, मधली धार, आणि तासाभरात. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण तसं सांगा, कारण गार झालेल्या लघवीत नसलेले स्फटिकही तयार होतात.